गाडी वळेल तिथवर

घाटावरून निघताना सगळ्यांनी मला बजावलं, आता मागं वळून पाहायचं नाही. तुमच्या मोठ्या भावानं सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं. तुमच्या बसचे कंडक्टर रफीकभाऊ, त्यांच्यात ही रीत नाही, पण तेही "भाभी, सीधं चाला" म्हणत माझ्या पुढं चालू लागले. मी सरळ चालत राहिले. वैनगंगेची वाळू पायाखालून सरकत होती आणि मान दुखेस्तोवर ताठ धरली होती. आपल्या संसारात रोज सकाळी तुम्ही निघायचात आणि मी दारात उभी राहायचे. पाठ नेहमी तुमची असायची. या वेळी पाठ माझी होती, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

त्याआधी पुतण्या मडकं खांद्यावर घेऊन तुमच्याभोवती उलटे फेरे घालत होता, तेव्हा माझ्या डोक्यात एक शब्द आला. अँटिक्लॉकवाइज. अशा वेळी माणसाच्या डोक्यात असलं काही यावं का? पण आलं. आणि लगेच वाटलं, संध्याकाळी तुम्ही ड्यूटीवरून आलात की सांगू, आज तुमच्यासाठी एक नवा मिळाला. मग पुढं काय आहे ते दिसलं आणि मी खाली बसले. काकूंना वाटलं मला चक्कर आली. त्यांना काय सांगणार?

तुम्ही बसचे ड्रायव्हर आणि मी आरमोरीच्या शाळेत इंग्रजीची बाई. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, चांगलं आहे, एक जण दिवसभर गाडी चालवणार, दुसरी तोंड. तिला काय ठाऊक, आपल्या घरात तोंड तुमचंच जास्त चालणार होतं.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. तुम्ही घरी आलात, पाय धुतलेत, चहा बशीत ओतलात आणि म्हणालात, "बाई, आज रस्त्यात चितळ आडवं आलं. मी गाडी झटक्यात बाजूले घेतली न पुन्हा सरळ केली. याले तुमच्या इंग्रजीत काय म्हणतेत?"

"स्वर्व्ह," मी म्हणाले.

"न चितळ वाचलं नसतं त?"

"तरी स्वर्व्हच."

"म्हणजे इंग्रजीले वाचलं काय न मेलं काय, सारखंच." तुम्ही इतके खट्टू झालात की मला हसू आवरेना. नव्या नवरीला नवऱ्यानं काय काय विचारावं याच्या माझ्या ज्या कल्पना होत्या, त्यात हे नव्हतं.

तेव्हापासून तुम्ही रोज एखादं वळण घेऊन घरी यायचात. लोकांचे नवरे येताना भाजी आणतात. तुम्ही भाजी विसरायचात, पण वळण विसरला नाहीत. आणि मी त्याला शब्द शोधून द्यायचे. लक्ष उडालं आणि गाडी नकळत कडेकडे वळत गेली, तर व्हीअर. चिखलात चाक जागच्या जागी गरगरलं, तर स्पिन. ड्रायव्हरनं वळवली, तर टर्न. रस्ता स्वतःच वळत गेला, तर बेंड. हा शेवटचा तुम्हाला फार आवडला होता. "हे बरं आहे," तुम्ही म्हणालात, "बेंडात डायवरचा दोष नाई. रस्ताच तसा." मग महिनाभर भाजी विसरलात की म्हणायचात, बेंड होता बाई, माहा दोष नाई.

एका पावसाळ्यात वैनगंगेच्या पुलावरून पाणी गेलं. दुपारच्या जेवणाला येणारे तुम्ही दिवेलागणीला आलात, दुसऱ्या पुलाकडून लांबचा वळसा घालून. माझ्या जिवात जीव नव्हता आणि तुम्ही दारातूनच विचारलंत, याले काय? मी रागानंच म्हणाले, डीटूर. तुम्ही चपला काढता काढता विचार केलात आणि म्हणालात, "शब्द लहान आहे. एवढ्या वळशाले जरा मोठा पाह्यजे होता." वरण पुन्हा गरम करताना मी एकटीच हसत होते.

सगळेच शब्द तुम्हाला पटले असंही नाही. दोराला पीळ घालतात तो ट्विस्ट, आणि घाटातल्या रस्त्यालाही ट्विस्ट म्हणतात, असं मी सांगितलं तर तुम्ही ऐकायलाच तयार नाही. पीळ सुटला पाह्यजे, रस्ता कुठी सुटते, हा तुमचा मुद्दा. मी शब्दकोश दाखवला. तुम्ही म्हणालात, ज्यानं लिहिला तो गाडी चालवत नसन. रिव्हॉल्व्ह हा शब्द तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता आला नाही. रिवॉल म्हणायचात आणि वर अशा नजरेनं पाहायचात की समोरच्याची दुरुस्त करायची हिंमत होऊ नये. मी करायचेच. तुमच्या नजरेला मी कधी भ्याले नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

मार्कंड्याची जत्रा आठवते? महाशिवरात्रीच्या जादा गाड्या, सकाळपासून तुमच्या फेऱ्यांवर फेऱ्या. दुपारच्या गाडीनं मी आले. तुम्ही इतके दमला होतात की मी म्हटलं, सावलीत बसा, मी दर्शन घेऊन येते. तर तुम्ही उठलात. "सकाळपासून चाकं आपल्याच भोवती फिरून राह्यली. आता मी कोणाच्या त भोवती फिरतो." गर्दीतून आपण देवळाला प्रदक्षिणा घातली. मी चालता चालता सांगितलं, चाकाचं ते रोटेट, आपलं हे रिव्हॉल्व्ह. "माहीत आहे," तुम्ही म्हणालात, "म्हणून त आलो." पुढच्या आठवड्यात मी वर्गात हाच दाखला दिला आणि मुलांना तो फरक पुन्हा कधी समजावून सांगावा लागला नाही. तुम्हाला मी हे सांगितलं नव्हतं. डोक्यावर बसला असतात.

आता जांभूळटोल्याचं लिहिते. त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

जांभूळटोल्यात जांभळाचं एकही झाड नाही. वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे ते मोहाचं, जुनं आणि अवाढव्य. टोल्यातल्या मुली आमच्या शाळेत यायच्या. फाट्यापर्यंत पायी, फाट्यावरून तुमची बस. मधली वाट जंगलातली. एका वर्षी त्या वाटेवर वाघ दिसल्याच्या बातम्या वाढल्या आणि मुली एकेक करून शाळेतून गळायला लागल्या. हजेरी घेताना माझं पित्त खवळायचं आणि ते सगळं घरी तुमच्यावर निघायचं. एकदा जेवता जेवता तुम्ही म्हणालात, "गाडी टोल्यात काऊन नाई जात, माहीत आहे काय? रस्ता आहे. पण तिथं गाडी वळत नाई. गाडी वळन तिथवर रस्ता, बाई. त्याच्या पुढं सारी पायवाट."

मी म्हटलं, "मग वळवा."

तुम्ही सुट्टीच्या दिवशी रफीकभाऊंच्या मोटरसायकलवर बसून टोल्याला जाऊन आलात. एका अंगाला धानाला पाणी देणारी बोडी, म्हणजे लहानसं तळंच, दुसऱ्या अंगाला घरांची कुंपणं, आणि मध्ये मोह. डेपोतल्या साहेबांनी सांगितलं, झाड तोडा, उद्यापासून गाडी पाठवतो. टोल्यातली जाणती माणसं हे ऐकून झाडाकडं पाहू लागली. ते झाड एकाचं नाही. मोहाच्या दिवसांत त्याच्या खालची जमीन घरोघर वाटलेली असते आणि कोणी दुसऱ्याच्या वाट्यातलं फूल उचलत नाही. तरी एक म्हातारबुवा म्हणाले, "पोरीच्या शाळेचं आहे. तोडा म्हणान त तोडू." तेव्हा तुम्हीच म्हणालात, "झाड राहू द्या. कुंपणं मांगं घ्या. बाकी मी पाहतो." टोल्यानं कुंपणं मागं घेतली, बोडीच्या काठाला दगड आणि मुरूम टाकला. साहेब म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर. तुम्ही म्हणालात, माह्याच.

ते वळण पाहायला मी एकदा मुद्दाम आले होते. गाडीचं नाक बोडीवर न्यायचं, तिथून मागं झाडापर्यंत, चाक पूर्ण फिरवून पुन्हा पुढं, पुन्हा मागं. रफीकभाऊ मागं उभे राहून पत्र्यावर हात मारायचे. हलके मारले की येऊ द्या, एक जोरात मारला की थांबा. आणि झाडाखाली मुलींचं टोळकं उभं राहून ओरडत होतं, "लेफ्ट! स्ट्रेट! रिवस! स्टाप!" माझेच शब्द. मी फळ्यावर लिहिलेले, तुम्ही कामाला लावलेले. माझ्यातली बाई गप्प बसते का? मी म्हटलं, रिवस नाही, रिव्हर्स म्हणा. तर रोशनी नावाची सहावीतली चिमुरडी मला म्हणते, "बाई, रिव्हर्स म्हणेपर्यंत गाडी बोडीत जाते. रिवस बरं." तुम्ही इतके हसलात की गाडी तशीच आडवी उभी राहिली. मला वाटलं, पोरींना खेळ मिळाला आहे.

त्या वळण्याचं इंग्रजी नाव मी तुम्हाला सांगितलं, थ्री-पॉइंट टर्न.

"थ्री? माहे त सात-आठ होतेत."

"नाव तेच राहते."

"मंग नाव खोटं आहे." यावरही आपलं एकमत झालं नाही.

फाल्गुन लागला की तुमची गाडी रोज उशिरा. मोहाची फुलं पहाटे पडतात आणि गाडी वळायची जागा नेमकी त्यांच्यावर. बायांच्या टोपल्या भरून जागा मोकळी होईपर्यंत तुम्ही इंजिन बंद करून बसायचात. पोरी पहिल्या तासाला कधीच नसायच्या. मी म्हणायचे, एक दिवस तरी हॉर्न वाजवा. तुम्ही म्हणायचात, "फुलावरून चाक नेणाऱ्याले टोल्यात पाणी नाई विचारत कोणी. तुमचा पहिला तास गणिताचा ठेवा न." यातलं गणित मला कळलं नाही, पण मुख्याध्यापकांना सांगून मी माझा तास दुसरा करून घेतला.

आणि मग आपलं ते भांडण. दोन वर्षं चाललं, आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात.

तुमची कंबर दुखायला लागली होती. रात्री कूस बदलतानाही कण्हायचात. मी म्हणाले, आता ती ड्यूटी सोडा. तुम्ही म्हणालात, दुसरा कोणी तिथं वळवत नाई. मी म्हणाले, हेच तर मी म्हणते. तुम्ही एका अख्ख्या गावाची गाडी तुमच्या मनगटाला बांधून ठेवली आहे. तुम्ही रिटायर झाल्यावर काय? त्या वेळी झाड तोडलं असतं तर आज कोणीही डोळे मिटून वळवली असती. तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "झाड तोडून केलं त त्याले वळण कायले म्हणाचं? ते त मैदान झालं." मी म्हणाले, मैदान तर मैदान, पोरी तर येतील. तुम्ही म्हणालात, शिकवीन ना मी कोणाले. मी विचारलं, कोणाला? कधी? तुम्ही उठून अंगणात गेलात आणि झाडाला पाणी घालायला लागलात, तेही नुकताच पाऊस पडून गेला असताना.

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल कोण जाणे. दर वेळी मी हेच विचारायचे आणि दर वेळी तुम्ही हेच म्हणायचात. शिकवीन ना कोणाले.

त्या सकाळी तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि उठला नाहीत. मी चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीला टेकून बसल्यासारखे दिसलात. एका पायाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची तशीच. ती मी बांधली. का बांधली ते मला विचारू नका.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मी शाळेत जायला लागले. पहिल्याच दिवशी नववीच्या हजेरीत टोल्यातली एकही मुलगी नव्हती. दुपारी रफीकभाऊ शाळेच्या फाटकाशी आले. तुमच्या जागी मूल गावाकडचे एक ड्रायव्हर आलेत, विलासभाऊ. तुमच्याच वयाचे, नाकासमोर चालणारे गृहस्थ. ते गाडी फाट्यावरूनच परत आणतात. रफीकभाऊ म्हणाले, "भाभी, गलत आदमी नाई तो. म्हणते, गाडी बोडीत गेली त माही नोकरी जाईन. मी काय सांगू त्याले?" आणि मग खाली पाहून म्हणाले, टोल्यात बैठक झाली. मोह पडून झाला की झाड तोडायचं ठरलं आहे.

मी भांडण जिंकले होते. मी म्हणाले होते तसंच, अगदी शब्दशः, सगळं झालं होतं. स्टाफरूममध्ये बसून राहिले आणि मला वाटलं, ही जीत घेऊन मी कोणाकडं जाऊ? समोर तुम्ही असतात तर टेबलावर हात आपटून म्हटलं असतं, बघा. आता झाड तोडलं गेलं असतं तर माझंच खरं ठरलं असतं, आणि मला ते नको होतं. मी तेव्हा वादात बोलले होते. मला काय माहीत, वाद संपायच्या आधी तुम्हीच उठून जाल.

चार दिवस मी काही केलं नाही. पाचव्या दिवशी रोशनी एकटीच शाळेत आली, घामानं निथळत. फाट्यापर्यंत बापाच्या सायकलवर आली होती, पण बापाला रोज जमणार नव्हतं. मी तिला म्हटलं, आता झाड गेलं की गाडी येईल. ती म्हणाली, "झाड कायले पाह्यजे जायले, बाई? डायवरकाकानं आमाले सांगून ठेवलं आहे. कुठी चाक पूर्ण फिरवाचं, कुठी आधं, कुठी थांबाचं. कोणी घुमवणारा त येऊ द्या."

"सांगून ठेवलं म्हणजे?"

"रोज त सांगे. चुकलं त पुन्हा घुमवे न आमाले विचारे, काय चुकलं."

 इतकी वर्षं मला वाटत होतं, तो पोरींचा खेळ आहे.

त्याच संध्याकाळी मी बसस्टँडवर विलासभाऊंना गाठलं. म्हटलं, एक डाव रिकामी गाडी टोल्यापर्यंत नेऊन पाहा, मी गाडीत बसते. ते पान चघळत म्हणाले, "बाई, तुमी त्याईच्या घरच्या. तुमाले नाई कसं म्हणू? पण मले नाई जमलं त मी गाडी तिथंच उभी करीन न डेपोले फोन करीन." मी म्हटलं, करा. रफीकभाऊ बाजूला उभे होते, ते म्हणाले, "नाई लागत फोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रायव्हरच्या डावीकडच्या पहिल्या सीटवर बसले. मी कधी तुमच्या गाडीनं आले की तुम्ही रुमाल टाकून ठेवायचात, ती सीट. तिथून बाहेरचा आरसा दिसतो. मला सवय होती मान वळवून मागं पाहायची, आणि तुम्ही म्हणायचात, "मान दुखन. डायवर मागं वळून पाहत नाई बाई, आरसा कायले दिला आहे?" फाट्यावर विलासभाऊंनी गाडी हळू केली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत वळवली. सागाची पानं गळून गेली होती, दूरवरचं दिसत होतं. टोल्यात पोचलो तर झाडाखाली बाया मोह वेचत होत्या. विलासभाऊंचा हात हॉर्नकडं गेला.  मी बोलणार नव्हते.

"हे बाया हटत काऊन नाई?" त्यांनी विचारलं.

"मोह येचून राह्यल्या," रफीकभाऊ म्हणाले. "होऊ द्या."

विलासभाऊंनी हॉर्नकडं नेलेला हात मागं घेतला. मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. खिडकीतून मोहाचा गोड, जड वास आत आला आणि मला तुमच्या खाकी शर्टाची आठवण आली. मोहाच्या दिवसांत त्या शर्टाला असाच वास यायचा आणि मी तो धुताना नाक मुरडायचे. आता तो कपाटात आहे, धुवायचा राहिलेला. धुणार नाही.

बाया उठल्या. एकीनं उरलीसुरली फुलं खराट्यानं बाजूला सारली. ते म्हातारबुवाही काठी टेकत आले. आणि रोशनी, आता चांगली उंच झालेली, झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. तिच्या मागं बाकीच्या पोरी. रफीकभाऊ उतरून गाडीच्या मागं गेले.

"काका, स्ट्रेट!" रोशनी ओरडली. "येऊ द्या, येऊ द्या, स्टाप! आता फुल लेफ्ट. फुल म्हणजे फुल, काका. रिवस!"

विलासभाऊंनी दात आवळले होते. कपाळावर घाम. पत्र्यावर हलके हात पडत होते, मग एक जोरात. पुन्हा पुढं. बोडीचं पाणी माझ्या खिडकीखाली आलं, इतकं जवळ की त्यात मला गाडीचा लाल रंग दिसला. मी सीटची दांडी घट्ट धरली. "आधं राइट!" दुसरी कोणीतरी ओरडली, आणि एका म्हातारीनंही हात वर करून "स्टाप" म्हटलं. तिला कोणी शिकवलं होतं? मागं, पुढं, पुन्हा मागं. कितींदा झालं ते मी मोजलं नाही. तुम्ही असतात तर मोजून माझ्या थ्री-पॉइंटवर पुन्हा बोट ठेवलं असतंत. मग एकदम समोर बोडी नव्हती, कुंपण नव्हतं. समोर आरमोरीचा रस्ता होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारबुवा झाडाकडं पाहून इतकंच म्हणाले, "राह्यला म्हणाचा मोह." विलासभाऊ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून हसले आणि म्हणाले, "हे पोट्टी त अख्खा डेपो चालवन."

शिकवीन ना कोणाले, म्हणायचात. मी दर वेळी विचारायचे, कोणाला, कधी? मी एखादा ड्रायव्हर शोधत होते. तुम्ही तर सबंध टोला शिकवून ठेवला होतात, माझ्याच शब्दांनी, माझ्या डोळ्यांसमोर. मग सांगायचं होतंत ना मला. अंगणात जाऊन ओल्या झाडाला पाणी कशाला घालत बसलात? का तुम्हालाही ते तेव्हा ठाऊक नव्हतं? हे मात्र आता मला कधीच कळणार नाही. मला तुमची फार आठवण येते. भांडायला दुसरं कोणी नाही म्हणून नव्हे. तुम्ही नाही म्हणून.

पोरी दप्तरं घेऊन चढल्या. रफीकभाऊंनी दार लावलं आणि घंटी मारली. विलासभाऊंनी माझ्याकडं न पाहताच विचारलं, "बाई, निघू काय?"

त्या जागेवरून बाई अशी हाक पुन्हा आली. मग म्हटलं, "हाव, निघा."

गाडी सुटली. घाटावर माझ्याजवळ आरसा नव्हता. इथं होता. मी मान वळवली नाही, नुसतं आरशात पाहिलं. मोहाचं झाड दिसत होतं. त्याच्याखाली बाया टोपल्या डोक्यावर घेत होत्या, एक म्हातारी उरलेली फुलं ओच्यात भरत होती, आणि मातीत चाकांच्या ताज्या खुणा होत्या, झाडाला कुठंही न लागलेल्या. मी पाहत राहिले. गाडी पुढं जात होती आणि झाड लहान होत होतं, पण होतं.

मग रस्ता वळला आणि आरशात नुसता साग राहिला. तो बेंड होता. त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो.